जुसारा आणि आगीचा बंब

दोना झोराइदेला आपल्या मुलीचं वागणं समजेनासं झालं होतं, आणि जे समजत नाही त्यावर गप्प बसायचा तिचा स्वभाव नव्हता. सकाळी सात वाजता कुंपणाशी उभं राहून तिनं शेजारच्या लिंडाउराला सगळं ऐकवलं. सोळा वर्षांनी पेद्रा मान्सा गावानं जुसाराच्या मिरवणुकीसाठी पुन्हा आगीचा बंब धुऊनपुसून काढलाय. मागच्या वेळी तो चर्चच्या चौकातूनच वळला होता. या वेळी हायवेवरच्या पेट्रोल पंपापासून निघून साखर कारखान्याच्या गल्लीतून, म्हणजे थेट झोराइदेच्या दारावरून जायचाय. त्यासाठी तिनं नगरपालिकेत तीन खेपा घातल्या, एका कारकुनाला रडकुंडीला आणलं. आणि पोरगी फोनवर म्हणते काय, तर आई, मी येईन, पण बंबावर चढणार नाही. चालत येईन.

"चालत," झोराइदे म्हणाली. "ऑलिम्पिकचं पदक आणलेली बाई चालत येणार. मग बंबावर काय बसवायचं, माझी कोंबडी?"

लिंडाउरा म्हणाली की गुडघा दुखत असेल बिचारीचा.

"गुडघा दुखतो म्हणून तर बंब. चालायला गुडघा लागतो. बसायला दुसरं काही लागतं, आणि ते तिच्याकडे भरपूर आहे."

एरवी अशा बोलण्यावर लिंडाउरा पोट धरून हसायची. त्या सकाळी तिनं हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं, चुलीवर दूध असल्याचं सांगितलं आणि आत गेली. झोराइदेला माहीत होतं की लिंडाउराला दूध पचत नाही आणि ती ते आणतही नाही. पण तेव्हा तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिच्या डोक्यात पोरगीच घोळत होती.

तसं पाहिलं तर जुसारा वाईट मुलगी नव्हती. एक्केचाळीस वर्षांची झाली, साओ पाउलोत पोरांना ज्युदो शिकवते, पण दर रविवारी फोन करते आणि पहिलं वाक्य लहानपणापासूनचं तेच, "आई, आशीर्वाद दे." मग झोराइदे म्हणते, देव तुझं भलं करो, आणि मग पुढचं बोलणं. भांडण करायचं असलं तरी आधी आशीर्वाद, मग भांडण. बंबाचं सांगतानाही तिनं आधी आशीर्वाद मागितला आणि झोराइदे देऊन बसली. परत घ्यायची सोय नव्हती.

मूळ बेत तर बंबाहून मोठा होता. गावानं नवं क्रीडागृह बांधलं आणि त्याला जुसाराचं नाव द्यायचं ठरवलं. रंगारी शिडीवर चढून निळ्या रंगात मोठाली अक्षरं काढत होता. 'जुसारा फिर्मिनो'मधलं 'जुसारा फिर' एवढं झालं आणि नगरपालिकेचा वकील धावत आला. जिवंत माणसाचं नाव सरकारी इमारतीला देता येत नाही, तसा कायदाच आहे, आणि हे बांधकाम संपेपर्यंत कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. झोराइदेनं वकिलाला शांतपणे विचारलं होतं की मग पोरीनं कोणत्या तारखेपर्यंत मरायचं ते कळवा, म्हणजे मी तिला सांगते.

शेवटी सेइजी नाकाहारांचं नाव दिलं. ते सहा वर्षांपूर्वी वारले होते, त्यामुळे कायद्याची हरकत नव्हती. झोराइदेचीही नव्हती. जुसाराला ज्युदो शिकवणारा माणूस तो, आणि त्याला जन्मभर बोलायचा कंटाळा. भिंतीवर पाटी होऊन राहणं त्याला छान जमलं असतं. पण मग जुसारासाठी उरलं काय? बंब. एवढाच एक मान उरला होता आणि तोही तिला नको होता. झोराइदे त्र्याहत्तर वर्षांची होती. गाव काही दर वर्षी बंब काढत नाही. आपल्या दारावरून आपली मुलगी उंचावर बसून गेलेली एकदा पाहायची, मग पुढचं पुढे, एवढंच तिचं मागणं होतं.

रागाच्या भरात माणूस जुनं उकरून काढतो, तसं तिचं झालं. दिवसभर शिवणयंत्रावर बसून ती किमोनो पुरा करत होती. ज्युदोच्या पांढऱ्या कपड्याला आमच्याकडे सगळे किमोनोच म्हणतात. शनिवारी जुसारा तो घालून नव्या क्रीडागृहात पोरांना पहिला डाव दाखवणार होती. जाड कापडाच्या गळपट्टीतून सुई घालताना झोराइदेला पहिला किमोनो आठवला.

त्या काळी कारखान्याची साखर सुती पोत्यांतून जायची. झोराइदे पोती शिवायच्या विभागात होती. नवरा बेनेदितो उसाच्या ट्रकखाली गेला तेव्हा जुसारा आठ वर्षांची. थोरले दोघे मुलगे शहरात कामाला लागलेले, ही शेवटची. जन्मली तीच पावणेपाच किलोची, आणि दहाव्या वर्षी शाळेचा गणवेश तिच्या अंगावर चढेना. बुधवारच्या बाजारात नाकाहारांची भाजी आणि पास्तेलची, म्हणजे सारण भरून तळलेल्या करंज्यांची, गाडी असायची. एकदा गाडीचं चाक मोडलं आणि कोबीच्या पेट्या रस्त्यावर पडल्या. जुसारानं न सांगता एक पेटी या कमरेवर, एक त्या कमरेवर, अशा आठही पेट्या उचलून फुटपाथवर मांडल्या. नाकाहारा तिच्या पायांकडे बघत राहिले. मग झोराइदेला म्हणाले, "हिला मंगळवारी पाठवा." झोराइदेला वाटलं, म्हाताऱ्याला फुकटात हमाल हवाय. तेव्हा तो म्हातारा नव्हताही, पन्नाशीचा असेल.

जपानी लोकांच्या मंडळामागे एक पत्र्याची शेड होती. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरून त्यावर ताडपत्री ताणलेली. तिथे पहिले तीन महिने नाकाहारांनी पोरीला फक्त पडायला शिकवलं. पुढे पडायचं, मागे पडायचं, कुशीवर पडायचं, आणि पडताना तळहातानं जमिनीवर फाडकन आपटायचं. झोराइदे एकदा भांडायला गेली. मी पाडायला शिकायला पाठवली आणि तुम्ही पडायला शिकवताय, आमच्याकडे पडायला शिकवणी लागत नाही, असं म्हणाली. नाकाहारांनी तिला चहा दिला आणि ते परत शिकवायला वळले. पोरगी पडत राहिली. तो फाडकन आवाज अजून झोराइदेच्या कानात होता. कारखाना सुटला की ती शेडमागच्या वाटेनं घरी यायची आणि आवाजावरून ओळखायची की यातला माझीचा कुठला.

किमोनो विकत मिळायचा तो बारक्या पोरांच्या मापाचा. म्हणून झोराइदेनं तीन फाटकी पोती मागून घेतली, उसवली, राखेच्या पाण्यात उकळली, उन्हात घातली. ऊसतोडीचे दिवस होते, शेतं जाळत होते. काळी राख उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, दिवसातून चारदा ती झटकावी लागायची. गळपट्टीला कापडाचे चार थर दिले, कारण नाकाहारा म्हणाले होते की समोरचा तिथेच धरणार. किमोनो झकास झाला. पण तीन धुण्यांनंतर पाठीवर कारखान्याचा छाप पुन्हा वर आला. निळसर अक्षरांत, दोन खांद्यांच्या मधोमध: निव्वळ वजन ६० किलो.

पोरांना तेवढं पुरे होतं. जुसारा तेव्हा बासष्ट किलोची होती.

हे बासष्ट किलोही कसं कळलं, तर स्पर्धेच्या अर्जावर वजन लिहायचं होतं आणि शाळेचा काटा बिघडला होता. झोराइदेनं पोरीला कारखान्यात नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. हमाल जमले. कोण काय बोलणार हे त्यांच्या तोंडांवर आधीच दिसत होतं. तेव्हा झोराइदेच पहिली बोलली, "बघा रे, यंदा साखर कशी भरलीय." सगळे हसले, आणि हसून कामाला गेले. दुसरं कुणी काही बोललं नाही. जुसाराही हसली होती. निदान झोराइदेला तसं आठवत होतं.

त्या दिवसापासून तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. लोक आपल्या पोरीला हसणार, तर आधी आपण हसायचं. आपण हसलो की त्यांना बोलायला जागा उरत नाही. किमोनोवरच्या छापाचंही तिनं तसंच केलं; पोरांनी वाचायच्या आत तिनंच मोठ्यानं वाचून दाखवला. फक्त नाकाहारा हसले नव्हते. ते म्हणाले, "दोना झोराइदे, कापड उलटं करून शिवता येईल?" तिनं एका दुपारी सगळा किमोनो उसवून उलटा शिवला. छाप आत गेला, पोरीच्या पाठीला लागून.

पुढची वर्षं भराभर गेली. आधी जिल्हा, मग राज्य, मग अख्खा देश. ज्युदोत बाकीच्या मुली वजनाच्या भीतीनं उपाशी असायच्या. काट्यावर उभं राहायच्या आधी कुणी थुंकत बसे, कुणी गरम कपडे घालून पळत सुटे. जुसाराचा गट सगळ्यात वरचा, अठ्ठ्याहत्तर किलोच्या पुढे कितीही. झोराइदेला जगातला एवढा एकच कायदा मनापासून पटला होता. ती डब्यात घेवड्याचं कालवण, भात, कोबी, वर मक्याचा केक भरून द्यायची आणि त्या उपाशी मुली जुसाराच्या डब्याकडे बघत बसायच्या. देशाच्या संघात गेल्यावर किमोनो संघाचा मिळू लागला, पण पाठीवरची नावाची पट्टी घरी यायची, झोराइदेच्या हाताला. तिची शाळा दीड वर्षात संपलेली. वाचायचं म्हटलं की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. पण 'फिर्मिनो' या आडनावाची सात रोमन अक्षरं तिनं इतक्यांदा टाचली होती की अंधारातही बोटांनी वाचली असती.

कांस्यपदकाची लढत झाली तेव्हा अर्धी गल्ली तिच्या बैठकीत बसली होती. ती मात्र स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून भांडी घासत होती. समोर कुणी उंच, पिवळ्या वेणीची बाई होती म्हणतात. तिनं जुसाराची गळपट्टी धरून तिला गोलगोल फिरवली. शेवटी शेवटी जुसारानं तिला स्वतःवर ओढलं आणि मागून पाय काढला. त्या बाईची पाठ पूर्ण टेकली. इप्पोन. याच्यापुढे गुण नसतात, लढत तिथेच संपते. झोराइदेला हे कळलं ते लिंडाउराची खुर्ची पडल्याच्या आवाजावरून. तिनं हातातली कढई पूर्ण घासली, विसळली, पालथी घातली, आणि मगच बाहेर आली.

आणि मग तो बंबाचा दिवस. गावात पदक घेऊन येणाऱ्याला बंबावर बसवून मिरवायचं ही आमच्याकडची रीतच, पण तोवर बंब फक्त फुटबॉलवाल्यांसाठी निघाला होता. पेट्रोल पंपापाशी सगळं गाव लोटलेलं. फटाके, शाळेचा बँड, टीव्हीची गाडी. जुसारानं बंबाच्या पायरीवर पाय ठेवला आणि क्षणभर सगळं शांत झालं. झोराइदेला ती शांतता ओळखीची होती. पोत्यांच्या काट्याभोवती होती तीच. म्हणून तिनं वेळ घालवला नाही. टीव्हीवाल्याचा माईक तोंडासमोर होता. ती म्हणाली, "सांभाळून चढ गं पोरी, नाहीतर बंब इथेच बसायचा आणि आग विझवायला लोकांना पायी जावं लागेल."

असं हसू तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. त्या रात्रीच्या बातम्यांत म्हणे ते वाक्य राज्यभर गेलं. वर्षानुवर्षं पाववाला तिला विचारायचा, काय दोना झोराइदे, बंब उठला का? आणि ती प्रत्येक वेळी काहीतरी नवं उत्तर द्यायची. आयुष्यात तिला मिळालेलं कौतुक म्हणजे तेच. पोरगी जिंकली होती आणि आईनं गावाला हसवलं होतं. त्याहून चांगला दिवस तिला आठवत नव्हता.

त्यानंतर जुसारा आणखी आठ वर्षं खेळली. गुडघा दोनदा कापला. पदक पुन्हा आलं नाही. गावाला मात्र ती फक्त नाताळात यायची, मागच्या दारानं आल्यासारखी. कार्निव्हलच्या रथावर बोलावलं तर सराव होता. महापौरांनी मानपत्र द्यायचं ठरवलं तर पोस्टानं पाठवा म्हणाली. झोराइदेनं ठरवून टाकलं होतं की पोरीला शहराचं पाणी लागलं.

गुरुवारी दुपारी नगरपालिकेच्या क्रीडा विभागातली तायनारा तिच्याकडे आली. विशीतली मुलगी, नखं हिरवी रंगवलेली, काखेत लॅपटॉप. समारंभात पडद्यावर दाखवायला त्या जुन्या मिरवणुकीची फीत कुठूनशी मिळवली होती. त्यातली माणसं ओळखून हवी होती. झोराइदेनं तिला कॉफी दिली, चष्मा पुसला आणि समोर बसली. तिनं ती फीत कधी पाहिली नव्हती. बातम्या लागल्या तेव्हा ती अंगणात लोकांना केक वाढत होती.

पडद्यावर पंप दिसला, बँड दिसला. हा पाववाला, अजून केस होते तेव्हा. ही लिंडाउरा. हा बंबाचा ड्रायव्हर आदेमार, मिशीवाला. मग जुसारा पायरीवर पाय ठेवताना. आणि मग झोराइदेला स्वतःचा आवाज ऐकू आला, तिला वाटायचा त्यापेक्षा बराच चिरका. आणि ते हसू.

"किती भारी बोलता तुम्ही," तायनारा म्हणाली. "हे तर दाखवायचंच."

"मागे घे," झोराइदे म्हणाली.

तिनं ते तीनदा पाहिलं. लोक हसले तेव्हा जुसाराही हसली. पण हसता हसता तिनं पायरीवरचा पाय खाली घेतला. आणि दोन्ही हातांनी जाकिटाची कड धरून ती पोटावरून खाली ओढली. एकदा, मग पुन्हा एकदा. संघाचं जाकीट पुरुषांच्या मापाचं आलं होतं. जायच्या आधी झोराइदेनंच त्याला दोन्ही कुशींना पट्ट्या घालून ते सैल केलं होतं. ते मापात होतं. ते ओढायची काहीच गरज नव्हती. झोराइदेला वाचता येत नसेल, पण अंगावरचं कापड का ओढलं जातं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आणि कोपऱ्यात नाकाहारा होते. त्या दिवशी ते तिला दिसलेच नव्हते. अख्ख्या गर्दीत तो एकच माणूस हसत नव्हता. तो पुढे आला, जुसाराच्या पाठीवर सपाट हात ठेवला, जिथे पूर्वी तो छाप असायचा तिथेच, आणि ती चढेपर्यंत काढला नाही. त्यानंतर दहा वर्षं हा माणूस दर शुक्रवारी तिच्याकडे मक्याचा केक खायला यायचा. एका शब्दानं बोलला नाही.

तायनारा गेल्यावर ती कुंपणाशी गेली आणि लिंडाउराला हाक मारली.

"तुला माहीत होतं?"

कशाबद्दल, असं लिंडाउरानं विचारलं नाही. ती म्हणाली की सगळ्यांनाच माहीत होतं, दोना झोराइदे. पोरगी वर बसून अख्खा रस्ता पदक दाखवायचं सोडून पोट झाकायला पिशवी धरून बसली होती.

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला?" लिंडाउरा म्हणाली.

झोराइदे घरात परत आली. आयुष्यात ती कुणाला चुकले म्हणाली नव्हती. पाद्रीबाबांसमोर ती स्वतःची पापं सांगायला गुडघे टेकायची आणि लिंडाउराची सांगून उठायची. त्या दिवशी तिनं टेलिफोन दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला. फोनवर सांगणं सोपं होतं, आणि तेच तिला पटेना. बोलले होते मी सगळ्या गावापुढे, माईकवर. आता हळूच कानात परत घ्यायचं, हा काय न्याय झाला? तिनं किमोनो उलटा केला, आतल्या बाजूनं खांद्यांच्या मधोमध पहिल्या किमोनोच्या पाठीचा, छाप असलेला हातभर तुकडा लावला. तो तिनं तीस वर्षं ट्रंकेत जपला होता. छाप आता जेमतेम दिसत होता. मग किमोनो घडी करून साओ पाउलोच्या बसवाल्याकडे दिला.

शनिवारी सकाळी निळा चर्चचा झगा आणि टाचांचे बूट घालून ती एकटीच पंपापर्यंत चालत गेली. बंब उभा होता, कागदी फुलं लावलेली. आदेमारची मिशी पांढरी झाली होती. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. तिनं त्याला विचारलं की याच्या पोटात किती पाणी मावतं. चार हजार लिटर, आदेमार म्हणाला, शिवाय वर सहा गडी आणि नळ्या.

"आणि याची शिडी कुणीकडून?"

"दोना झोराइदे, तुम्ही?"

"नाही, माझी कोंबडी."

तिला वर चढवायला दोन माणसं आणि बराच वेळ लागला. कमरेत कळ आली, एक बूट खाली राहिला, तो नंतर कुणीतरी वर दिला. वर कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती बसली तोवर खाली माणसं जमली होती. पांढऱ्या किमोनोतली शाळेची पोरं रांगेत. उसाची राख उडून त्यांच्या खांद्यांवर बसत होती आणि त्यांच्या आया ती झटकत होत्या. गावचा रेडिओवाला माईक घेऊन आधीच बंबाच्या कडेला आला, कारण झोराइदे जिथे तिथे काहीतरी ऐकायला मिळणार हे त्याला ठाऊक होतं.

बस आली. जुसारा उतरली, उजवा पाय जपत. अंगावर नवा किमोनो, खांद्याला पिशवी. एक्केचाळीसची झाली तरी चालणं तेच, कोबीच्या पेट्या उचलणारीचं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला, आणि मान वर केली तेव्हा तिला बंबावर आपली आई दिसली.

"आई, आशीर्वाद दे," ती म्हणाली. सवयच ती. आणि लगेच, "खाली उतर. पडशील."

"देव तुझं भलं करो. पडायला मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून तर घट्ट धरून बसलेय."

लोक हसले. जुसारा हसली नाही. ती म्हणाली की मी चढणार नाही, आई, फोनवर सांगितलंय, उगाच सगळ्यांसमोर हट्ट करू नकोस. आणि बोलताना तिचा हात किमोनोच्या कडेकडे गेला आणि कड खाली ओढू लागला. गर्दी गप्प झाली. तीच ती शांतता. सगळे झोराइदेकडे बघत होते, ती आता काय बोलते म्हणून.

झोराइदेनं रेडिओवाल्याला बोटानं जवळ बोलावलं आणि माईक नीट वर धरायला सांगितला. मग ती मुलीशी बोलली.

"ओढू नकोस तो किमोनो. मी शिवलाय, मापात आहे. सोळा वर्षांपूर्वी ह्याच जागेवर मी बोलले आणि हे सगळे हसले. मला वाटत होतं, मी आधी हसले की लोकांची तोंडं बंद होतात. ती मीच उघडून देत होते. ह्या बंबाच्या पोटात चार हजार लिटर पाणी असतं. तुझं ओझं ह्याला तेव्हाही नव्हतं, आताही नाही. मी चुकले, जुसारा. आणि तूही चुकलीस. एवढाल्या बाया उताण्या पाडल्यास, आणि आईला तोंड आवर म्हणायला सोळा वर्षं पुरली नाहीत तुला. आता चढायचं असेल तर चढ. नसेल तर मला खाली उतरव, दोघी चालत जाऊ आपल्या दारावरून. पण कडेकडेनं नाही चालायचं. गल्लीच्या मधोमध."